वाचकांचे प्रश्न : मेल पोचला, अक्षरं वाटेत सांडली

योकोहामातल्या एका कंपनीत मी सतरा वर्षं मेल सर्व्हर सांभाळले. नोकरी सुटली, पण जपानी मेलच्या तक्रारी काही सुटल्या नाहीत. या वेळच्या पाचही पत्रांत दुखणं एकच आहे : एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या यूटीएफ-८, जिस, शिफ्ट-जिस अशा पद्धतींचा घोळ. म्हणून ती एकत्र घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. इतक्या तपशिलानं लिहिलेली तक्रार वर्षातून एखादीच येते.

*

ताई, नमस्कार. मी नागोयात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. आमच्या एका जुन्या पुरवठादाराला माझे मेल कधीच धड वाचता येत नाहीत. माझ्या शेजारी बसणाऱ्या सेन्पाईंचे (वरिष्ठ सहकाऱ्याचे) मेल मात्र त्याच प्रोग्राममधून, त्याच पुरवठादाराकडे व्यवस्थित जातात. शेवटी त्या लोकांनी माझा मेल छापला आणि फॅक्सनं परत पाठवला. वर हातानं लिहिलेलं : ‘मोजिबाके शिते इमासु’, म्हणजे अक्षरं बिघडली आहेत. पानभर किचकट कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, त्यातली दोन तर प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा. सेन्पाई म्हणाले, ‘जिसमध्ये पाठव.’ सेटिंग बदललं, मजकूर नीट गेला. पण सहीत मी माझं नाव देवनागरीतही लिहितो, तिथं पाच प्रश्नचिन्हं उमटली. शिवाय तिथल्या एका साहेबांच्या आडनावातलं पहिलं अक्षर जाऊन त्या जागी दोन जाड आडव्या रेघा आल्या. आता यूटीएफ-८ ठेवू की जिस?
– सुनील, नागोया

सुनील, तुम्ही फॅक्सचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. ती वारंवार येणारी दोन अक्षरं नीट बघा. दोन्हींच्या डाव्या बाजूला ‘इतो’, म्हणजे सुताचा भाग आहे. आमच्या खोलीत असा कागद आला की कुणीतरी न वाचताच म्हणायचं, ‘सूत निघालं.’ त्याचा अर्थ मेल यूटीएफ-८ मध्ये निघाला आणि समोरच्यानं तो शिफ्ट-जिस समजून वाचला.

हे इतकं ठामपणे कसं सांगता येतं? यूटीएफ-८ मध्ये हिरागाना या जपानी वर्णमालेचं एक अक्षर तीन बाइटचं असतं. पहिला बाइट नेहमी २२७, आणि दुसरा १२९ किंवा १३०. शिफ्ट-जिस वाचणारा प्रोग्राम बाइट दोन-दोनच्या जोडीनं उचलतो. २२७ आणि १२९ ची जोडी त्याच्या तक्त्यात सुताच्या एका कांजीवर पडते, २२७ आणि १३० ची दुसऱ्या. जपानी मजकुरात हिरागाना भाताइतका, त्यामुळे पानभर सूतच सूत.

आता तुमचे सेन्पाई. एकच प्रोग्राम, एकच सेटिंग, एकच पुरवठादार, मग त्यांचा मेल नीट का जातो? फरक तुमच्या सहीत आहे. बरेच मेल प्रोग्राम, आणि तुमच्या वर्णनावरून तुमचाही, बाहेर जाणाऱ्या मेलचं एन्कोडिंग ‘आपोआप निवडा’ वर ठेवलेलं असतं. मजकूर जुन्या जपानी तक्त्यात बसतोय का ते प्रोग्राम आधी बघतो. बसला तर आयएसओ-२०२२-जेपी, ज्याला तुमचे सेन्पाई नुसतं ‘जिस’ म्हणतात. एखादं अक्षर जरी बसलं नाही तरी अख्खा मेल यूटीएफ-८. सेन्पाईंच्या मेलमध्ये सगळं जपानी, म्हणून तो जिसमध्ये जातो. तुमच्या मेलमध्ये शेवटच्या ओळीत ‘सुनील’, म्हणून वरचा सगळा मजकूरही यूटीएफ-८ मध्ये. तीन अक्षरांच्या नावानं अख्खा मेल आपल्यामागे ओढून नेला. खात्री करायची तर सही काढून, सेटिंग आपोआपवर ठेवून त्यांना दोन ओळी पाठवून पाहा.

पाच प्रश्नचिन्हांचंही कोडं नाही. स, न आणि ल ही तीन, आणि उकार व दीर्घ ईकार यांना आपापले वेगळे संकेतांक, म्हणून पाच. तुम्ही जबरदस्तीनं जिस निवडल्यावर प्रोग्रामकडे या पाचांसाठी घरच नव्हतं.

घर का नव्हतं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. इंटरनेटवरच्या मेलचा मूळ नियम १९८२ सालचा आहे, आणि त्यात एका बाइटचे सातच बिट वापरायची मुभा होती. इंग्रजीला तेवढे पुरतात. जपानात १९८४ साली जुन मुराई यांनी विद्यापीठांना जोडणारं जुनेट सुरू केलं, तेव्हा याच सात बिटांतून हजारो कांजी न्यायच्या होत्या. त्यांनी काढलेली तोड मला आजही आवडते. अक्षरांचा एक चौकोनी तक्ता, ९४ ओळी आणि ९४ रकाने. प्रत्येक अक्षर म्हणजे ओळीचा एक बाइट आणि रकान्याचा एक बाइट, दोन्ही साध्या इंग्रजी चिन्हांच्या पल्ल्यातले. जपानी सुरू होण्याआधी एक एस्केप बाइट (‘आता तक्ता बदलतोय’ अशी न दिसणारी खूण), डॉलरची खूण आणि मोठा बी. जपानी संपलं की पुन्हा एस्केप, उघडता कंस आणि बी, म्हणजे आता इंग्रजी. वाटेतल्या एकाही सर्व्हरला कळत नाही की आपण जपानी वाहून नेतोय. मुराई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जून १९९३ मध्ये आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, क्रमांक १४६८ म्हणून हे लिहून काढलं, आणि पुढची कित्येक वर्षं जपानी मेल म्हणजे हेच.

गंमत बघायची असेल तर एखादा जिस मेल एस्केप बाइट गाळून बघा. इथल्या ऑफिसात प्रत्येक मेल ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ (नेहमीच आपले उपकार आहेत) या ओळीनं सुरू होतो. हिरागानाची ओळ चौथी, आणि चौथ्या ओळीचा बाइट म्हणजे डॉलरची खूण. त्यात ‘इ’ चा रकानाही चौथाच. त्यामुळे ‘इत्सुमो’ दिसतं असं : डॉलर डॉलर, डॉलर मोठा डी, डॉलर लहान बी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की कुणी तरी थकबाकीची यादी पाठवली आहे.

तर या तक्त्यात, जिस एक्स ०२०८ मध्ये, एकूण ६,८७९ अक्षरं आहेत. त्यात ६,३५५ कांजी, दोन्ही काना (हिरागाना आणि काताकाना), ग्रीक लिपी आणि रशियनसुद्धा. देवनागरी नाही. रशियनला जागा मिळाली आणि आपल्याला नाही, याचं मला थोडं वाईट वाटतंच.

तक्त्यात काही ओळी पूर्ण रिकाम्या ठेवल्या होत्या, आणि रिकामी जागा दिसली की कुणीतरी बस्तान मांडतंच. संगणक कंपन्यांनी तिथं आपापली अक्षरं बसवली : वर्तुळातले आकडे, रोमन आकडे, कंपनीच्या नावातल्या ‘काबुशिकी’ चं कंसातलं लघुरूप, आणि आडनावांतल्या वेगळ्या धाटणीच्या कांजी. यांना ‘किशू इझोन मोजी’ म्हणतात, म्हणजे यंत्रागणिक बदलणारी अक्षरं. वर्तुळातला १ विंडोजवर लिहून जुन्या मॅकवर उघडला की कंसातला रविवार दिसायचा, वर्तुळातला २ म्हणजे सोमवार. बैठकीसाठी पर्याय १ आणि २ कळवले की समोरचा वार समजून बसायचा.

तुमच्या साहेबांच्या आडनावात बहुधा ‘हाशिगो-दाका’ आहे, शिडीचा ताका. नेहमीच्या ‘ताका’ मध्ये वर एक तोंड असतं, यात त्या जागी शिडीसारख्या पायऱ्या. तुमच्या प्रोग्रामनं ते अक्षर कंपन्यांनी भरलेल्या अशा ओळीतून पाठवलं असणार. त्यांच्याकडच्या तक्त्यात तो चौकोन रिकामा, म्हणून त्या जागी ‘गेता’ आला. छापखान्यात एखादा खिळा सापडला नाही की जपानी जुळारी त्या जागी दुसराच खिळा उलटा बसवत. त्याच्या बुडाचा ठसा गेता नावाच्या लाकडी खडावेच्या दातांसारखा उमटे, दोन जाड रेघा. तोच ठसा पुढे संगणकात आला.

आडनावाच्या बाबतीत हलगर्जीपणा करू नका. माझ्या हातून एका विभागप्रमुखाला समारंभाचं आमंत्रण गेलं होतं, आडनावाच्या जागी खडावा. आमचे साहेब मिठाईचा डबा घेऊन स्वतः माफी मागायला गेले. मी सोबत होते आणि परतीच्या ट्रेनमध्ये कुणीही एक शब्द बोललं नाही.

आता तुमचा निकाल. नेहमीसाठी यूटीएफ-८ ठेवा. आजचे सगळे चालू प्रोग्राम तो नीट वाचतात, त्यात तुमचं नावही बसतं आणि शिडीचा ताकाही. त्या एका पुरवठादारासाठी मात्र जिस. त्यांच्याकडे मेल घेणारा प्रोग्राम सगळे मेल जिसमध्ये येत त्या काळातला असावा. तो मेलवर लावलेलं चार्सेटचं, म्हणजे एन्कोडिंगच्या नावाचं, लेबल वाचतच नाही. सात बिटांबाहेरचा बाइट दिसला की शिफ्ट-जिस धरतो. तुम्ही त्यांना नवा प्रोग्राम घ्यायला लावू शकणार नाही.

त्यांच्यासाठी दुसरी सही तयार करा, काताकानातली. ‘सुनीरु’ वाचवत नाही हे मान्य, पण पोचतं. वर्तुळातल्या आकड्यांऐवजी साधे आकडे कंसात लिहा. ‘काबुशिकी गाइशा’ पूर्ण लिहा. साहेबांचं आडनाव नेहमीच्या ‘ताका’ नं लिहा आणि एकदाच, पहिल्या मेलमध्ये, तसं करावं लागतंय म्हणून क्षमा मागा. खरं आडनाव जोडलेल्या पीडीएफमध्ये अचूक असू द्या. एवढं पाळलं की ‘आपोआप निवडा’ वर ठेवूनही तो मेल जिसमध्येच जाईल, सेटिंग उलटसुलट करत बसावं लागणार नाही. तरी हातानं ठरवायचंच असेल, तर संगणकावरच्या जुन्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड आणि खाली इंटरनॅशनल ऑप्शन्स. तिथं आपोआप निवडीची खूण काढली की खालच्या यादीतून हवं ते निवडता येतं. थंडरबर्डच्या नव्या आवृत्त्यांत हा प्रश्नच उरलेला नाही. त्या यूटीएफ-८ मध्येच पाठवतात, निवडच काढून टाकली आहे.

*

ताई, मी क्योतोत संशोधन करते. प्राध्यापकांना दर महिन्याला मेलमधूनच लांब अहवाल पाठवते. ते म्हणतात, लहान परिच्छेद नीट येतात. मोठा परिच्छेद मात्र अर्ध्यापर्यंत नीट, मग एकदम डॉलर आणि टक्क्याच्या खुणा, आणि पुढचा परिच्छेद पुन्हा नीट. विद्यापीठाचा जुना मेल प्रोग्राम आहे. माझा मजकूर जातो कुठे?
– अनघा, क्योतो

कुठेही जात नाही, वाटेत ओळ मोडते. मेलमधली एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब असू नये असा नियम आहे. तुम्ही एंटर न मारता परिच्छेद लिहिता, तेव्हा मेलच्या दृष्टीनं ती एकच ओळ. जिसमध्ये एक अक्षर दोन बाइटचं, सुरुवातीच्या आणि शेवटच्या एस्केपचे सहा बाइट वजा केले तर ४९६ अक्षरं बसतात. त्यापलीकडे गेलात की एखादा सर्व्हर मध्येच ओळ तोडतो. ओळ संपताना मजकूर इंग्रजीत परतलेला असावा हाही नियमच आहे, त्यामुळे वाचणारा प्रोग्राम नव्या ओळीत शिरताना ‘आता इंग्रजी’ असं धरतो. उरलेल्या जपानीचे बाइट मग उघडे पडतात. डॉलर म्हणजे हिरागाना, टक्का म्हणजे काताकाना. पुढच्या परिच्छेदाला स्वतःचा एस्केप असतो म्हणून तो सुधारतो.

मेलमध्ये तीस-पस्तीस अक्षरांनंतर एंटर मारायची जपानी ऑफिसातली सवय तुम्ही पाहिली असेल. तीच उचला, किंवा यूटीएफ-८ मजकूर बेस-६४ करून, म्हणजे त्याचे बाइट साध्या इंग्रजी चिन्हांत लिहून पाठवणारा प्रोग्राम घ्या. बेस-६४ मध्ये ओळी ७६ चिन्हांवर ठरवूनच तोडलेल्या असतात आणि वाचताना सांधल्या जातात, त्यामुळे परिच्छेद कितीही लांब चालतो. मेल थोडा फुगतो. दोन बाइटचं अक्षर तीनचं होतं आणि बेस-६४ नंतर चारचं. अहवालाला त्यानं काही फरक पडत नाही.

*

नमस्कार. ओसाकातल्या एका दुकानासाठी ऑर्डर पोचल्याचा मेल पाठवणारी स्क्रिप्ट मी पीएचपीत लिहिली आहे. मजकूर ठीक जातो. विषय लहान असला तर तोही ठीक. विषय लांब झाला की मध्ये एक-दोन अक्षरं बिघडतात आणि काहींकडे तर तिथून पुढचं सगळं. मी विषय जिसमध्ये बदलतो, बेस-६४ करतो आणि ७६ चिन्हांवर तोडतो. चूक कुठे आहे?
– एक प्रोग्रामर, ओसाका

चूक क्रमात आहे. तुम्ही आधी सगळ्याचं बेस-६४ करता आणि मग कापता. कात्री कांजीच्या पोटातून जाते.

विषय, पाठवणाऱ्याचं नाव, हे सगळं हेडरमध्ये येतं आणि तिथं मजकुरासारखं वर एकदा लेबल लावून भागत नाही. प्रत्येक तुकडा आपलं लेबल बरोबर घेऊन फिरतो : बरोबरची खूण, प्रश्नचिन्ह, एन्कोडिंगचं नाव, प्रश्नचिन्ह, बी, प्रश्नचिन्ह, मग बेस-६४, आणि शेवटी प्रश्नचिन्ह व बरोबरची खूण. आरएफसी २०४७ नुसार असा एक तुकडा लेबलासकट ७५ चिन्हांपेक्षा मोठा नसावा. आणि प्रत्येक तुकडा स्वयंपूर्ण हवा. जिसचा असेल तर तो इंग्रजीत सुरू होऊन इंग्रजीतच संपायला हवा, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा एस्केप प्रत्येक तुकड्यात.

हिशेब एकदा हातानं करून बघा, मग कायमचा लक्षात राहतो. आयएसओ-२०२२-जेपी चं लेबल आणि शेपूट मिळून १८ चिन्हं. ७५ मधून उरली ५७. बेस-६४ चार-चारच्या गटात चालतं, म्हणून ५६. छप्पन्न चिन्हांत ४२ बाइट. दोन एस्केपचे सहा गेले, राहिले ३६. म्हणजे १८ जपानी अक्षरं. यूटीएफ-८ चं लेबल आखूड, शेपटासकट १२ चिन्हं; उरतात ६३, गटात बसणारी ६०, बाइट ४५, अक्षरं १५. पहिल्या ओळीत ‘सब्जेक्ट’ हा शब्द, अपूर्णविराम आणि एक मोकळी जागा मिळून नऊ चिन्हं आधीच खर्ची पडलेली असतात, आणि अख्ख्या ओळीला ७६ ची मर्यादा. तिथं जिसची १५ आणि यूटीएफ-८ ची १३ अक्षरं धरा. तेव्हा आधी अक्षरं मोजून तुकडे पाडा, मग प्रत्येक तुकड्याचं वेगळं एन्कोडिंग आणि बेस-६४ करा. पुढची ओळ मोकळ्या जागेनं सुरू करा. दोन तुकड्यांमधली ती मोकळी जागा वाचताना आपोआप गळते.

हे सगळं समजून घेतल्यावर माझा सल्ला आहे की स्वतः करू नका. पीएचपीच्या एमबीस्ट्रिंगमध्ये मेल पाठवायचं तयार फंक्शन आहे. भाषा ‘जॅपनीज’ सांगितली की ते आयएसओ-२०२२-जेपी मध्ये पाठवतं, ‘युनि’ सांगितली की यूटीएफ-८ मध्ये. नवीन काम आहे, ‘युनि’ घ्या. ग्राहकांच्या नावांत शिडीचा ताका येणारच, आणि त्यांचं नाव खडावा करून पाठवणारं दुकान कुणाला आवडत नाही.

जिस हवंच असेल तर ‘मट’ नावाच्या टर्मिनलमधल्या मेल प्रोग्रामची पद्धत उचला. त्यात बाहेर जाणाऱ्या मेलसाठी एन्कोडिंगची रांग लिहून ठेवता येते : आधी साधं आस्की, मग आयएसओ-२०२२-जेपी, मग यूटीएफ-८. ज्याच्यात मजकूर एकही अक्षर न गमावता बसतो ते पहिलं एन्कोडिंग तो घेतो आणि लेबलही त्याचंच लावतो. स्क्रिप्टमध्ये हे दहा-बारा ओळींचं काम आहे. बदल करून झाल्यावर मजकूर उलटा फिरवून मूळाशी जुळतोय का ते तपासा. नुसतं ‘एरर आली नाही’ यावर भरवसा ठेवू नका, कारण कित्येक रूपांतरं एरर न देता प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जातात.

तुमच्या पत्रासोबतच्या नमुन्यात आणखी एक गोष्ट दिसली, जी तुम्ही विचारली नाही. ‘फ्रॉम’ मधलं दुकानाचं नाव तुम्ही शिफ्ट-जिसमध्ये पाठवताय आणि लेबल जिसचं आहे. चालतंय ते समोरचे प्रोग्राम अंदाज बांधतात म्हणून. लेबलावरच विश्वास ठेवणारा एखादा भेटला की कळेल.

*

ताई, वेळ लिहिताना मी दोन आकड्यांच्या मध्ये लाटेसारखी रेघ वापरते, ‘१० लाट १२’ अशी. माझ्या मॅकवरून गेली तर नीट. ऑफिसच्या विंडोजवर लिहून आमच्या लायब्ररीच्या सिस्टिममधून गेली की ‘१० प्रश्नचिन्ह १२’. लाट तर जिसच्या तक्त्यात आहे ना?
– मेधा, कोबे

आहे, पहिल्याच ओळीत आहे. पण युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ मागच्या जगभरच्या लिप्यांच्या तक्त्यात, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दोन लाटा आहेत. एक यू+३०१सी, ‘वेव्ह डॅश’. दुसरी यू+एफएफ५ई, पूर्ण रुंदीची टिल्ड. जिसच्या त्या एकाच चौकोनाला जपानी प्रमाणानुसार चालणारे पहिलीशी जोडतात आणि विंडोज दुसरीशी. तुमच्या विंडोजनं दुसरी लाट लिहिली आणि लायब्ररीच्या सिस्टिममधलं रूपांतर पहिलीच ओळखतं. त्यानं तक्ता चाळला, सापडली नाही, प्रश्नचिन्ह ठेवलं. वजाबाकीची पूर्ण रुंदीची खूण आणि दोन उभ्या रेघा यांचंही असंच द्वैत आहे, तेव्हा पुढची तक्रार त्यांची असेल.

या लाटेचं नशीबच वाईट. युनिकोडच्या तक्त्यात वेव्ह डॅशचं चित्र कित्येक वर्षं उलटं छापलेलं होतं, चढाच्या जागी उतार. ते सुलटं व्हायला २०१५ साल उजाडलं, आठव्या आवृत्तीत.

सिस्टिम सांभाळणाऱ्यांना दोनपैकी एक काहीही करायला सांगा. जिसमध्ये रूपांतर करण्याआधी दुसरी लाट पहिलीत बदलून घ्यावी, किंवा रूपांतरासाठी विंडोजच्या तक्त्यावर बेतलेला जिसचा प्रकार निवडावा. पीएचपीत तो आयएसओ-२०२२-जेपी-एमएस नावानं मिळतो, जावात एक्स-विंडोज-आयएसओ२०२२जेपी. ते होईपर्यंत लाटेऐवजी ‘१० जी कारा १२ जी’ (दहापासून बारा) असं लिहा. बोलतानाही आपण तेच म्हणतो.

*

मेल शिफ्ट-जिसमध्ये पाठवला तर चालेल का? आमच्या सगळ्या फायली त्यातच आहेत.
– एक वाचक, सेंदाई

फायली राहू द्या, मेल पाठवू नका. आठ-बिटी एन्कोडिंग आहे, आणि मेलसाठी जपानात ते कधीच रूढ नव्हतं. वर त्यातल्या काही अक्षरांचा दुसरा बाइट उलटी तिरकी रेघ असतो. ‘तक्ता’ या अर्थाच्या ‘ह्यो’ चा, काताकाना ‘सो’ चा, दहाच्या ‘जू’ चा. निष्काळजी प्रोग्राम त्या रेघेला खास खूण समजून गिळतात. फाईल जोडून पाठवा, मजकूर यूटीएफ-८ मध्ये लिहा. पाठवल्यावर एकदा स्वतःलाच पाठवलेली प्रत मूळ रूपात उघडून बघा. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू, जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’. ‘कंटेंट-टाइप’ च्या ओळीत चार्सेट म्हणून काय लिहिलंय ते वाचा. तिथं शिफ्ट-जिस दिसलं तर मला पुन्हा लिहा, आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवा. स्क्रीनचा फोटो काढताना नेमकी तीच ओळ कापली जाते.